तुझी विचारपूस कोण करतं?

अगं, शुक्रवारची बायबल स्टडी संपली की पोरं पांगतात. कुणाला वाघोलीकडची बस धरायची असते, कुणाला नाईट शिफ्टची कॅब. जाताजाता प्रत्येक जण तुला काही ना काही सांगून जातो. एकीच्या वडलांचं पिणं पुन्हा सुरू झालंय, दुसरीचे दोन विषय बॅक राहिलेत, तिसऱ्याचे रूममेट त्याला बोलू देत नाहीत. तू सगळं ऐकून घेतेस, वहीत नावं लिहितेस, रात्री एकेकासाठी प्रार्थना करतेस. पण तुला काय होतंय, हे विचारणारं त्या खोलीत कुणी नसतं. गेले काही महिने मी हे बघतेय, म्हणून आज मुद्दाम बोलवलं तुला.

"ताई, मीच लीडर आहे, माझं कोण काय विचारणार?" असं तू मागे म्हणालीस ना, ते मला लागलं. खराडी, वडगाव शेरी, वाघोली या पट्ट्यातल्या कुठल्याही विद्यार्थी फेलोशिपमध्ये जाऊन बघ. लीडर म्हणजे जेमतेम वीस-एकवीस वर्षांची पोर. घर लांब, पीजीतल्या तीन कॉटच्या खोलीत राहणं, मेसचं जेवण, सबमिशन आणि परीक्षा तिलाही चुकलेल्या नाहीत. पण ग्रुपसमोर उभं राहायचं ते हसऱ्या चेहऱ्यानं. गाणी काढायची, वचन समजावून सांगायचं, नव्या आलेल्यांची नावं लक्षात ठेवायची, न आलेल्यांना फोन करायचे. मंडळीतल्या मोठ्यांना वाटतं, ही पोर छान चाललीय, हिच्याकडे काय बघायचं? मग महिन्यामागून महिने जातात आणि तिला बरं नाही हे कळायला तिला एकदम सगळं सोडून घरी निघून जावं लागतं.

तू नगरकडची. तिकडे मिशन कंपाउंडात वाढलेल्यांना हे एकटेपण माहीत नसतं. एक रविवार उपासनेला गेली नाहीस तर दुपारपर्यंत तीन मावश्या दारात: ताप आलाय का, आईशी भांडलीस का, पेपर वाईट गेला का? त्या वेळी नकोसं वाटायचं ते, पण कुणाचं तरी लक्ष असायचं. खराडीत तसं कुणी नाही, आणि त्यात कुणाचा दोषही नाही. १९९७ साली हे गाव महापालिकेत आलं तेव्हा इथं शेतं होती. आता इऑन आयटी पार्क आहे, वर्ल्ड ट्रेड सेंटर आहे, मुळा-मुठेच्या काठापर्यंत इमारती आहेत, आणि त्यांत राहणारी निम्मी माणसं वर्ष-दोन वर्षांसाठी आलेली. आज तुझ्या ग्रुपमध्ये गिटार वाजवणारा पोरगा दिवाळीनंतर हिंजवडीला किंवा बंगळूरला असतो. कुणी कुणाला फार वर्षं ओळखत नाही. गावात जे आपोआप व्हायचं, ते इथं ठरवून करावं लागतं.

आपल्या विद्यार्थी कामाची घडणच अशी आहे की हा प्रश्न येणारच. युनियन ऑफ इव्हँजेलिकल स्टुडंट्स ऑफ इंडिया १९५४ साली सुरू झाली, तेव्हापासून तिथं विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांमध्ये काम करायचं हेच धोरण. कॅथलिक मुलांची ऑल इंडिया कॅथलिक युनिव्हर्सिटी फेडरेशन तर त्याही आधीची, १९२४ सालची. स्टुडंट ख्रिश्चन मूव्हमेंट १९१२ पासून आहे. कॉलेजातल्या मुलीला कॉलेजातलीच मुलगी समजून घेते, हे या सगळ्यांनी ओळखलं आणि ते खरंच आहे. मला त्याचं फार मोल वाटतं. पण याचा दुसरा अर्थ असा, की ज्याच्या खांद्यावर काम आहे तो स्वतः अजून उभा राहायला शिकतोय, आणि तीन-चार वर्षांत तोही जाणार. अशा माणसाला आधार लागणारच. तो लागतो म्हणून तुझा विश्वास कमी ठरत नाही.

तुला एक जुनी गोष्ट सांगते. तिचा तुझ्या घराशी थेट संबंध आहे.

१८०६ सालचा ऑगस्ट. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात विल्यम्स कॉलेज नावाचं लहानसं कॉलेज आहे. तिथली काही मुलं नेमानं कॉलेजबाहेर शेतात जाऊन प्रार्थना करायची. त्या दिवशी पाचच जण होते. एकाएकी वीज-वादळ आलं, तशी ती गवताच्या गंजीच्या आडोशाला बसली आणि पाऊस थांबेपर्यंत बोलत राहिली. सॅम्युएल मिल्स नावाच्या मुलानं विषय काढला, की आशियातल्या लोकांपर्यंत सुवार्ता न्यायला आपणच का जाऊ नये? चौघांना पटलं. हार्वी लूमिस नावाच्या पाचव्याला पटलं नाही आणि त्यानं तसं तोंडावर सांगितलं.

पुढं काय झालं ते बघ. दोन वर्षांनी त्यांच्यातल्या काहींनी कॉलेजात एक गुप्त मंडळ काढलं, एकमेकांना निश्चयात सांभाळण्यासाठी. त्या धडपडीतून १८१० साली अमेरिकन बोर्ड हे मिशनरी मंडळ उभं राहिलं. बोर्डानं पाठवलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. त्यातला हॉल याच विल्यम्स कॉलेजचा. त्यांच्यापासून सुरू झाली ती आपली अमेरिकन मराठी मिशन. हॉल मराठी शिकला, इथंच राहिला आणि १८२६ साली नाशिककडे फिरतीवर असताना पटकीनं गेला. १८३१ मध्ये मिशननं नगरला ठाणं केलं, १८४२ मध्ये तिथं 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघालं. तुझ्या पणजोबांची मंडळी, तुझ्या आजीची शाळा, सगळं त्या ओघातलं. तू सुट्टीत खराडी बायपासवरून ज्या नगर रस्त्यानं घरी जातेस, त्याच्या पलीकडच्या टोकाला त्या पाच पोरांच्या बोलण्याचं फळ आहे.

ही गोष्ट युवक शिबिरांतून सांगतात तेव्हा शेवट नेहमी 'तुम्हीही असेच उठा' असा करतात. मला त्यात वेगळंच दिसतं. ती मुलं आधीपासून भेटत होती, एकमेकांच्या तोंडावर नाही म्हणू शकत होती, आणि नंतर प्रत्येकाची वाट वेगळी झाली तरी त्यांना चाललं. ज्यानं विषय काढला तो मिल्स स्वतः हिंदुस्थानात कधी आलाच नाही. जेम्स रिचर्ड्स सिलोनला गेला. लूमिस अमेरिकेतच पाळक झाला. एकट्या लीडरनं सगळं ओढून नेलं, असं तिथं काही नाही. तू मात्र वाघोलीतलं काम, खराडीतला ग्रुप आणि सुट्टीतलं शिबिर, तिन्ही स्वतःच्या अंगावर घेऊन बसली आहेस, आणि तुझ्या बरोबरीचं म्हणावं असं तुझ्याजवळ कुणी नाही.

तर माझं सांगणं एवढंच आहे. तुझ्याच वयाच्या, तुझ्यासारखंच काम करणाऱ्या आणखी दोघी शोध. तिघींनी पंधरा दिवसांतून एकदा भेटायचं आणि एकमेकींची विचारपूस करायची. ग्रुपची मीटिंग नाही, शिबिराचं नियोजन नाही, बायबल स्टडीही नाही.

तुझ्या ग्रुपमधल्या दोघी घेऊ नकोस. त्या तुझ्यावर कितीही माया करत असल्या तरी त्यांच्यासमोर 'मला हल्ली प्रार्थनाच होत नाही' हे तुझ्या तोंडून निघणार नाही. आणि निघालं, तर पुढच्या शुक्रवारी त्या तुझ्याकडे वेगळ्या नजरेनं बघतील. विमाननगरच्या कॉलेजात फेलोशिप चालवणारी एखादी असेल, कॅम्पातल्या मंडळीच्या तरुण संघाचं बघणारी असेल, नुकतीच पास होऊन इऑनमध्ये पहिल्या नोकरीला लागलेली आणि तरी ग्रुप न सोडलेली असेल. एक प्रॉटेस्टंट, एक कॅथलिक, एक पेन्टेकॉस्टल अशा तिघी असल्या तरी बिघडत नाही. उलट चांगलंच. तिच्या मंडळीतलं राजकारण तुझं नसतं, तुझं तिचं नसतं.

तिघीच का? दोघी असल्या की थोड्या दिवसांत एक आई होते आणि दुसरी लेक. नाही तर दोघी मिळून तिसऱ्या कुणाबद्दल बोलायला लागतात. चौथी आली की बोलायला वेळ पुरत नाही. तिघींत एक बोलते, एक विचारते, आणि तिसरी नुसती लक्ष ठेवते. 'तू तीनदा विषय बदललास गं', हे तिसरीलाच दिसतं.

दीड तास धरा, प्रत्येकीला अर्धा. फोन पिशवीत. कॅफेत बसून दोनशे रुपयांची कॉफी घ्यायची काही गरज नाही. शनिवारी दुपारी बहुतेक मंडळ्यांचे हॉल रिकामे असतात. पाळकांना विचारलंस तर ते नाही म्हणणार नाहीत. नाही तर बागेतला बाक आहेच.

आता बोलायचं कसं, ते ऐक. या बाबतीत आपण ख्रिस्ती लोक फार घाईचे आहोत.

समजा तिघींतली एक म्हणाली, "मला ग्रुप सोडावासा वाटतो." आपल्या तोंडून लगेच काय निघतं? "अगं, सैतान असंच मन खचवतो." "प्रभूनं तुला बोलावलंय ना?" "प्रार्थना वाढव." चुकीचं यात काही नसेल, पण या प्रत्येक वाक्यानं दार लागतं. ती मान डोलावते, आमेन म्हणते, आणि जे सांगायला आली होती ते तसंच घेऊन परत जाते. त्याऐवजी विचार, "कधीपासून वाटतंय?" मग गप्प राहा. ती म्हणेल, शिबिरानंतर. "शिबिरात काय झालं होतं?" पुन्हा गप्प. कदाचित निघेल, की रात्री दोनपर्यंत भांडी घासत होती आणि सकाळी कुणी तरी सगळ्यांसमोर म्हणालं, लीडरच भक्तीला उशिरा. मग विचार, "त्या वेळी तुला काय म्हणावंसं वाटलं होतं?" इथं बहुतेक वेळा डोळ्यांत पाणी येतं. ते थांबवायला जाऊ नकोस. रुमालही लगेच पुढं करू नकोस. रुमाल दिला की समोरच्याला वाटतं, आता आवरायला हवं.

ईयोबाचे तीन मित्र आठवतात? सगळे त्यांना नावं ठेवतात, पण आल्याबरोबर त्यांनी जे केलं ते फार थोड्यांना जमतं. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले आणि कुणी एक शब्द बोललं नाही. बिघडलं ते तोंड उघडून त्याला कारणं सांगायला लागल्यावर. तू सात मिनिटं तरी गप्प राहून बघ.

सल्ला देऊच नये का? द्यावा, पण तिनं मागितल्यावर, आणि तोही शेवटी. आधी तिलाच विचारायचं, "तुला स्वतःला काय करावंसं वाटतं? त्यातलं या पंधरवड्यात होण्यासारखं काय आहे?" तिनं एक छोटी गोष्ट ठरवावी. मोठा निश्चय नको. 'मी रोज पहाटे चारला उठेन' हे टिकत नाही. 'शिबिराच्या भांड्यांची पाळी लावायला मी अमुक दादाशी बोलेन' हे होतं. पुढच्या वेळी भेटल्यावर पहिला प्रश्न तोच, की बोललीस का? नसेल बोलली तर ओरडायचं नाही. काय आडवं आलं ते विचारायचं. ऑफिसांतून ज्याला कोचिंग म्हणतात आणि ज्यासाठी कंपन्या मोठाले पैसे मोजतात, त्याचा गाभा एवढाच आहे. तिचं उत्तर तिच्याकडून निघू द्यायचं, आणि ठरलं त्याची आठवण ठेवायची.

यात नवीन काही नाही. अठराव्या शतकात ऑक्सफर्डमध्ये जॉन आणि चार्ल्स वेस्ली यांच्याभोवती विद्यार्थ्यांचा छोटा गट जमला होता. वेळ कसा घालवला, मनात काय चाललंय, हे ते स्वतःला आणि एकमेकांना विचारत. बाकीचे त्यांना 'होली क्लब' म्हणून चिडवायचे. पुढे मेथडिस्टांमध्ये चार-सहा जणांचे जे गट निघाले, त्यांचं बीज त्यात आहे. आपल्याकडे जुन्या मेथडिस्ट घरांत 'वर्ग' भरायचा, त्याच्या आठवणी कुणी म्हातारं माणूस सांगत असेल तर ऐकून घे.

एक गोष्ट जरा कठोरपणे सांगते, राग मानू नकोस. 'चल, प्रार्थना करू या' हे वाक्य आपण फार लवकर उच्चारतो. समोरची अजून अर्ध्यावर असते, ऐकणारीला ते सहन होत नाही, मग ती डोळे मिटून हात धरते आणि सुरू करते. प्रार्थना झाली की विषय संपला असं दोघींना वाटतं. प्रार्थना करायचीच. पण सगळं बोलून झाल्यावर, आणि आधी विचारून, "आता तुझ्यासाठी काय मागू?" तिनं सांगितलेलंच मागायचं. प्रार्थनेच्या आडून उपदेश करायचा नाही. 'प्रभू, हिला शिस्त दे' असं म्हणालीस तर तिला कळतं तू कुणाशी बोलतेस ते.

आणि दुसरी गोष्ट, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. 'कृपया अमकीसाठी प्रार्थना करा, तिच्या घरी फार कठीण परिस्थिती आहे', एवढा एक मेसेज, आणि दीडशे लोकांना कळतं. हात जोडलेल्या इमोजींची रांग लागते. त्या पोरीला मात्र पुढच्या रविवारी मंडळीत पाय टाकवत नाही. आपल्यात चहाडी प्रार्थनेचा विषय बनून फिरते, आणि ती अशी फिरते म्हणून तिला कुणी अडवत नाही. तुमच्या तिघींतलं बोलणं पाळकांच्या बायकोलाही सांगायचं नाही, तुझ्या आईलाही नाही, आणि पुढे कधी साक्ष देताना 'माझ्या ओळखीची एक मुलगी' म्हणूनही नाही. ज्या दिवशी एकीकडून एक गोष्ट बाहेर जाईल, त्या दिवशी हे सगळं संपेल.

याला अपवाद आहेत, आणि ते पहिल्याच भेटीत एकमेकींना सांगून ठेवायचे. कुणी स्वतःच्या जिवाचं काही करून घेण्याबद्दल बोलली, तर ते पोटात ठेवायचं नाही. तिला एकटं सोडायचं नाही, तिच्या विश्वासातल्या मोठ्या माणसाला कळवायचं, आणि तिच्या शेजारी बसून १४४१६ वर फोन लावायचा. टेली-मानस म्हणून सरकारची सेवा आहे, २०२२ पासून आहे, मोफत आहे, रात्री-बेरात्रीही चालते आणि मराठीत बोलता येतं. हा नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. तसंच, तुझ्या ग्रुपमध्ये अकरावी-बारावीच्या मुलीही येतात. अठरा वर्षांखालच्या मुलीनं कुणी तिला नको तसं हाताळल्याचं सांगितलं, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. करणारा मंडळीतला असो, नात्यातला असो. 'साक्ष बिघडेल', 'मंडळीचं नाव जाईल' असं म्हणणारे भेटतील. त्यांचं ऐकू नकोस. माझ्याकडे ये, मी तुझ्याबरोबर पोलीस चौकीत येईन.

औदासीन्य आलेल्या मुलीला डॉक्टरकडे पाठवणं हा अविश्वास नाही, हेही तुझ्या ग्रुपला स्पष्ट सांग. एलीया रानात झुडपाखाली पडून मरण मागत होता तेव्हा देवदूतानं त्याला प्रवचन दिलं नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, आणि पुन्हा उठवून खायला घातलं. तू स्वतः काल रात्री जेवलीस का?

तिघींबरोबर एक मोठं माणूसही लागेल, जरा अंतरावरचं. रोजचं नाही. दोन-तीन महिन्यांतून एकदा जाऊन बसण्यासारखं. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे सोडवत बसायचा, तेव्हा सासरा इथ्रो भेटायला आला. त्यानं आधी नुसतं पाहिलं. मग विचारलं, की हे तू एकटाच का करत बसलास? मग कामं वाटून देण्याची रीत सुचवली. आणि मला सगळ्यात आवडतो तो शेवट: सांगून झाल्यावर इथ्रो आपल्या देशी निघून गेला. मोशेच्या तंबूत ठाण मांडून बसला नाही. असं माणूस शोध. जे तुझ्या कामात स्वतःची खुर्ची टाकतं, 'माझ्या ग्रुपची मुलगी' म्हणून तुझी ओळख करून देतं, उद्या तुझ्या पगारातला दशांश कुठं द्यायचा आणि लग्न कुणाशी करायचं हेही सांगायला लागतं, त्याच्यापासून लांब राहा, मग त्याचं प्रवचन कितीही गोड असो.

असं माणूस पुण्यात मिळणं अवघड नाही. विद्यार्थी चळवळीतून पास होऊन गेलेल्यांची ग्रॅज्युएट फेलोशिप असते. त्यातलं एखादं जोडपं वडगाव शेरीत, चंदननगरात राहत असेल. बिबवेवाडीला युनियन बिब्लिकल सेमिनरी आहे. आणि रामवाडीला, मेट्रोचं शेवटचं स्टेशन आहे ना, त्याच भागात नगर रस्त्यावर पेपल सेमिनरी आहे, १९५५ साली सिलोनमधल्या कँडीहून इथं आलेली. कॅथलिक परंपरेत, विशेषतः जेझुइटांत, माणसाचं ऐकून घेऊन त्याला त्याची वाट दिसू देण्याची शिस्त शेकडो वर्षांची आहे. आपण प्रॉटेस्टंट म्हणून त्या फाटकातून आत जायचं नाही, असं काही नाही. शिकलेल्या सिस्टरपाशी तासभर बसून बघ.

मरिया घाईघाईनं डोंगराळ भागात अलीशिबेकडे गेली, तो भाग मला पोरींबरोबर वाचायला फार आवडतो. एक म्हातारी, एक अगदी कोवळी, आणि दोघींना न पेलणारं काही तरी दोघींच्या पोटात वाढत होतं. अलीशिबेनं तिला 'हे कसं झालं, घरी सांगितलंस का' असं काही विचारलं नाही. आधी आनंदानं तिचं स्वागत केलं. मरिया तीन महिने तिच्याकडे राहिली, मग आपल्या घरी गेली. पुढचं तिचं तिलाच निभवायचं होतं, पण ते तीन महिने तिला मिळाले.

भाषेचं बोलायचं राहिलंच. खराडीतल्या बऱ्याच फेलोशिपमध्ये सगळं इंग्रजीत चालतं. ते समजण्यासारखं आहे, मुलं चार राज्यांतली असतात. पण तू इंग्रजीत प्रार्थना करताना अडखळतेस आणि म्हणून मनातल्या मनात दुसऱ्या लीडरांपेक्षा खालची समजतेस स्वतःला, हे मी पाहिलंय. तिघींतल्या निदान एकीशी तरी मराठीत बोलता आलं पाहिजे. दुःख उसन्या भाषेत नीट सांगता येत नाही. आणि पुढच्या वर्षीचे लीडर निवडताना हे लक्षात ठेव: जो गिटार वाजवतो आणि फाडफाड बोलतो, त्याच्यापलीकडेही बघ. जालन्याची ती गप्प पोर, जी सगळे गेल्यावर खुर्च्या लावते आणि कोण आलं नाही ते तुला सांगते, ती लोकांकडे बघते.

ग्रुपमध्ये ख्रिस्ती नसलेलीही मुलंमुली येतात, मैत्रीनं, गाण्यांसाठी. त्यांच्याशी वागताना टिळकांचं घर आठवत जा. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाईंच्या नगरच्या घरी बालकवी राहिले; टिळकांनी त्या पोराच्या कवितेला जपलं, लक्ष्मीबाईंनी त्याचं खाणंपिणं, रुसणं, हट्ट आईसारखे सांभाळले. बालकवी हिंदूच राहिले, त्या घराची माया त्यामुळे उणी झाली नाही. 'स्मृतिचित्रे' तुझ्याकडे नसेल तर माझी प्रत घेऊन जा. कुणाच्या अडचणीचा फायदा घेऊन त्याला काही मान्य करायला लावणं हे आपल्या प्रभूचं काम नाही. परीक्षेत नापास झालेल्या, घराची आठवण येणाऱ्या पोराला त्या रात्री फक्त मैत्रीण हवी असते.

मुलग्यांचं वेगळं सांगायला हवं. रात्री एक वाजता मेसेज करून मन मोकळं करणारा मुलगा खरोखर दुःखात असेल, तरी त्याचं ऐकायला तू एकटी बसू नकोस. त्याच्यासाठी त्याच्यासारखे दोघे शोधून दे. मुलग्यांना तर असं बोलायला जागाच नसते. ते क्रिकेट खेळतात, वर्शिपचं साउंड लावतात, आणि घरी कर्ज आहे हे कुणाला सांगत नाहीत. ग्रुपमधल्या एखाद्या शांत मुलाला म्हणावं, तूही दोघे शोध. त्यांची रीत वेगळी असेल. चालता चालता, गाडीवर मागे बसून बोलतील. बोलू देत.

पहिल्या दोन भेटी अवघडल्यासारख्या जातील. हसाल, इकडचं तिकडचं बोलाल, एखादी येणारच नाही. तरी तारीख मोडू नका. परीक्षेच्या महिन्यात अर्ध्या तासाचा फोन करा, पण करा. तुझा लीडर म्हणून काळ मे महिन्यात संपेल, नव्या मुलीकडे काम जाईल. तिघींची भेट मात्र त्याच्याबरोबर संपवायची नाही. खरं तर तेव्हाच तिची जास्त गरज पडते. अचानक शुक्रवार संध्याकाळ मोकळी होते, फोन वाजायचे थांबतात, आणि आपण कोण होतो हेच कळेनासं होतं. नोकरी लागेल, घरचे स्थळं बघायला लागतील, नव्या मंडळीत कुणी ओळखणार नाही. त्या दिवसांत तुला आधीपासून ओळखणाऱ्या दोघी असलेल्या बऱ्या.

विमाननगरला फेलोशिप चालवणाऱ्या एका मुलीचा नंबर मी तिच्या पाळकबाईंकडून मागून ठेवलाय, तिला विचारूनच. तीही बरेच दिवस अशी कुणी तरी शोधतेय. आधी नुसतं चहाला बोलव. दुसरी कोण, ते तू ठरव, आणि या शनिवारच्या आत फोन कर. सोमवारपासून तुझं सबमिशन आहे, मग तू पुन्हा सगळ्यांच्या नोट्स काढत बसशील.